पन्नास किलोमीटरांचा उतार : कोकण नेमकं चालतं कसं

कोकणात वर्षाला अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आंबोलीसारख्या घाटमाथ्यावरच्या गावात तो सात हजारांच्याही पुढे जातो. तरीही एप्रिल-मे आला की याच कोकणातल्या वाड्यांवर टँकर सुरू होतात आणि डोंगरउतारावरच्या घरांतल्या बाया कळशी-हंडे घेऊन खालच्या विहिरीशी रांग लावतात. जून ते सप्टेंबर पाण्यात बुडालेला मुलूख आठ महिन्यांत कोरडा कसा पडतो, हे समजलं की कोकणाचं बरंचसं समजतं: इथली शेती, इथली बंदरं, मुंबईला गेलेली माणसं आणि गणपतीला परतणारी माणसंसुद्धा. म्हणून पाण्यापासूनच सुरुवात करू.

महाबळेश्वरला कृष्णा उगम पावते आणि सावित्रीही. कृष्णा पूर्वेला वळते, सुमारे १४०० किलोमीटर वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली उतरते आणि शंभर-सव्वाशे किलोमीटरांत बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. दोघींच्या उगमाची उंची जवळपास सारखीच, समुद्रसपाटीपासून १२००-१३०० मीटरच्या घरात. एवढी उंची कृष्णा तीन राज्यं ओलांडून आणखी एका राज्यात शिरेपर्यंत हळूहळू गमावते. सावित्री तिच्यातली बहुतेक पहिल्या काही किलोमीटरांतच टाकून देते. वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, गड, कर्ली या सगळ्या कोकणी नद्यांची तीच गत. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधली ही पट्टी बहुतेक ठिकाणी चाळीस-पन्नास किलोमीटर रुंद आहे, फक्त उल्हास नदीच्या खोऱ्यात ती जास्त पसरते. डोंगरावर पडलेलं पाणी दिवसभरात खाडीत पोचतं. नदीला रुंद खोरं नाही, गाळाची जाड जमीन नाही, पाणी साठून राहावं अशी जागाच नाही.

वाशिष्ठी तेवढी वेगळी दिसते. उन्हाळ्यातही ती वाहते, पण ते पाणी तिचं स्वतःचं नव्हे. कोयना धरणाचं पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून पोफळी आणि कोळकेवाडीला वीज तयार करतात आणि तेच पुढे वाशिष्ठीत सोडतात. वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी असं सह्याद्री ओलांडून कोकणात येतं. त्यातलं फार थोडं इथल्या शेतांना मिळतं, उरलेलं दाभोळच्या खाडीतून समुद्रात जातं.

जांभा : भिजणारा, पण न धरणारा दगड

रायगडच्या दक्षिण भागापासून सिंधुदुर्गापर्यंत कोकणाचा माथा जांभ्या दगडाचा आहे. मूळ दगड घाटावरचाच, काळा कातळ. लाखो वर्षांच्या ऊन-पावसाने त्यातला सिलिका धुऊन गेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं. लोहाचा गंज म्हणजे जांभ्याचा तांबडा रंग. अशा जांभ्याच्या सपाट, उघड्या पठाराला इथे सडा म्हणतात. जांभा स्पंजसारखा सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी त्याच्या भोकाभोकांतून खाली झिरपतं. खाली शेडू लागतो, म्हणजे पांढरट-पिवळी, चिकट, मऊ माती. शेडूतून पाणी पुढे जात नाही. मग ते आडवं सरकतं आणि सड्याच्या कडेला, डोंगराच्या कुशीत झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडतं. कोकणातली जुनी वाडी नेमकी त्या झऱ्याखाली असते, तिच्याखाली माड-पोफळीची बाग आणि बागेखाली भाताचं खाचर. ही रचना कोणी कागदावर आखलेली नाही, ती पाण्याने ठरवली आहे.

झऱ्याची मजल मात्र फेब्रुवारी-मार्चपर्यंतच. सड्याच्या पोटात साठलेलं पाणी तेवढ्यात निथळून जातं. सड्यावर चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या कापीव दगडाच्या, खाणी वाढल्या की हा साठाच कापला जातो. वरचा दगड निघून गेला की पाणी मुरायला वाव राहत नाही. खाणीच्या खालच्या अंगाला असलेली विहीर पूर्वीपेक्षा लवकर आटू लागली, तर आधी वर सड्याकडे पाहावं. बोअरवेल हा उपाय इथे बेभरवशाचा आहे, कारण शेडूच्या खाली घट्ट काळा कातळ असतो आणि त्यात भेग सापडली तरच पाणी लागतं.

चिरा म्हणजे जांभ्याची कापलेली वीट, साधारण १४ इंच लांब, ९ इंच रुंद आणि ७ इंच उंच. खाणीतून निघाल्या-निघाल्या तो मऊ असतो, वाऱ्या-उन्हाला ठेवला की कडक होतो. म्हणून चिरे आणल्यावर लगेच भिंत उभी करू नये, काही दिवस उघड्यावर पडू द्यावेत. चिरा घेताना रंग आणि आवाज बघायचा. तांबडा, ठोकल्यावर खणखणीत वाजणारा चिरा चांगला. ज्यात पांढऱ्या-पिवळ्या शेडूच्या शिरा आहेत तो पावसात विरघळत जातो आणि पाच-सात वर्षांत भिंतीला खळगे पडतात. चांगला चिराही पाणी ओढून घेतो. त्यासाठीच जुन्या घरांचं छप्पर भिंतीच्या पुढे हात-दोन हात आलेलं असायचं, चारही बाजूंनी पडवी असायची आणि पावसाची झड लागणाऱ्या अंगाला माडाच्या झावळांचे झाप बांधायचे. आज सिमेंटची सपाट गच्ची टाकून पागोळ्या थेट भिंतीवर सोडल्या जातात आणि मग ओलीची तक्रार होते. दोष चिऱ्याचा नसतो.

या सड्यांवर माणसाचा वावर फार जुना आहे. राजापूर-रत्नागिरीच्या कातळांवर कोरलेली शेकडो चित्रं सापडली आहेत. कशेळीच्या हत्तीचं चित्र सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद असून त्याच्या बाह्यरेषेच्या आत इतर प्राण्यांची कितीतरी चित्रं कोरलेली आहेत. कशेळी, रुंढेतळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरूण, उक्षी, कुडोपी ही महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसामळ अशी नऊ ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेली. ओसाड माळ समजून ज्या जमिनीवर जेसीबी चढवला जातो, ती ही जमीन आहे.

भात आणि त्यानंतरचे आठ महिने

कोकणातली भातशेती उताराच्या पायऱ्यांवर बसवलेली आहे. वरच्या खाचरातलं पाणी लवकर उतरतं, म्हणून तिथे हळवं भात, साधारण ११० ते १२० दिवसांत कापणीला येणारं. मधल्या खाचरांत निमगरवं. सगळ्यांत खाली, जिथे ऑक्टोबरातही चिखल असतो, तिथे गरवं. गरवं भात वरच्या खाचरात लावलं तर ओंबी भरायच्या वेळी पाणी संपतं आणि पळंज, म्हणजे दाणा न भरलेलं पोकळ भात, हाती येते. नव्या शेतकऱ्याची ही नेहमीची चूक.

रोपांसाठी आधी राब भाजतात. जमिनीच्या छोट्या तुकड्यावर शेण, कवळं (तोडून वाळवलेल्या पाल्याच्या फांद्या) आणि पालापाचोळा यांचे थर अंथरून उन्हाळ्यात तो पेटवतात. तणाचं बी जळतं, राखेतून पालाश मिळतं, माती मोकळी होते आणि रोप उपटताना मूळ तुटत नाही. मृगाच्या आसपास पेरलेली रोपं २१ ते २५ दिवसांची झाली की लावणी. एका चुडात (एकत्र लावायच्या जुडग्यात) दोन-तीन रोपं आणि चुडाचुडांत २० बाय १५ सेंटीमीटर अंतर पुरतं. रोप चाळीस दिवसांचं होऊ दिलं की फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही खत टाकलं तरी ती कसर भरून निघत नाही. पाऊस मध्येच दडी मारतो तेव्हा हे हमखास घडतं, म्हणून अनुभवी शेतकरी सगळी रोपवाटिका एकाच दिवशी पेरत नाही, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन टप्पे करतो.

कापणीनंतर जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर दक्षिणेत कुळीथ आणि रायगडात वाल होतो. अलिबाग-पेणकडे थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भरून, तळाला आणि तोंडाला भांबुर्ड्याचा पाला घालून, मडकं उपडं ठेवून भोवती जाळ करतात. ती पोपटी. ओलीवरच्या पिकाची चव तिच्यात पुरेपूर असते.

पुढे पाणी हवं असेल तर ओढा अडवावा लागतो. त्याचा सर्वांत स्वस्त प्रकार वनराई बंधारा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घ्यायच्या, त्यात माती-वाळू पाऊण भरून तोंड शिवायचं. काठोकाठ भरलेली गोणी दगडासारखी ताठ राहते आणि दोन गोण्यांमध्ये फट पडते, पाऊण भरलेली दबून एकमेकींना चिकटते. ओढ्याचं पात्र जिथे अरुंद आणि तळ कठीण आहे तिथे तळातला पालापाचोळा आणि सुटे गोटे काढून टाकायचे, मग विटांच्या बांधकामासारखे सांधे चुकवत थर रचायचे आणि पाण्याच्या बाजूने चिकणमाती लिंपायची. सगळं काम ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ओढा वाहता असतानाच व्हायला हवं. डिसेंबर उलटून गेल्यावर बांधलेले बंधारे फोटोपुरते उरतात, कारण अडवायला पाणीच नसतं. गळती जवळजवळ नेहमी तळातून होते, वरून नाही. एकाच ओढ्यावर थोड्या-थोड्या अंतराने चार-पाच छोटे बंधारे घातले तर आजूबाजूच्या विहिरींना महिना-दीड महिना जास्त पाणी टिकतं.

समुद्राला थोपवून काढलेली जमीन

अलिबाग, पेण, पनवेल, उरण या भागात खाडीकाठचा सखल पट्टा आहे. त्याला खारेपाट म्हणतात. भरतीचं पाणी जिथे रोज चढायचं, तिथे पिढ्यान् पिढ्या बांध घालून भाताची जमीन काढली. कोकणातल्या माणसाच्या हातचं सर्वांत मोठं बांधकाम कोणतं असं विचारलं तर लोक जलदुर्गांकडे बोट दाखवतील. आमच्या मते ते हे मातीचे बांध आहेत, कारण ते दर वर्षी पुन्हा बांधावे लागतात.

हे समजायला भरतीचा हिशोब आधी हवा. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यात त्याचा तोंडी हिशोब असा : तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, येईल तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला ४ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. अमावस्या-पौर्णिमेला पंधरावी तिथी धरून सव्वाअकरा. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळा हेच गणित, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर हे अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जुळतं. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती. मुंबईला उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, दक्षिणेकडे ती उतरत गोव्याला जवळपास निम्म्यावर येते. उत्तरेला किनारा सपाट चिखलाचा आणि भरती मोठी, म्हणून पाणी आत मैलभर पसरतं. मिठागरं आणि खारेपाट मुख्यतः उत्तर कोकणात का, याचं उत्तर हेच.

समुद्राच्या अंगाचा मुख्य बांध खाडीतल्याच चिकणमातीचा. चिखलाचे गोळे एकावर एक थापून, वाळू देऊन, पुन्हा थापून तो चढवतात आणि लाटा लागतात तिथे दगड लावतात. माथा मोठ्यात मोठ्या उधाणाच्या वर राहिला पाहिजे. बांधात ठरावीक अंतरावर उघाडी असते. उघाडी म्हणजे बाहेरच्या बाजूने टांगलेलं दार. भरती चढली की पाण्याचा दाब त्याला मागे ढकलून बंद करतो. ओहोटीला बाहेरची पातळी खाली गेली की आत साठलेलं पावसाचं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना राखणदार. सगळा कारभार चंद्राच्या भरवशावर.

बिघडतं ते बहुधा लहान कारणाने. खेकडे बांधात बिळं करतात. बीळ आरपार गेलं की भरतीचं पाणी त्यातून धार धरतं, माती सुटते आणि एका रात्रीत खांड पडते, म्हणजे बांध फुटतो. उघाडीत ओंडका किंवा प्लास्टिक अडकलं तर दार पुरतं बसत नाही. सर्वांत वाईट वेळ जुलै-ऑगस्टातल्या उधाणाची, तेव्हा बाहेरून समुद्र आणि आतून पावसाचं पाणी दोघेही बांधाला भिडतात. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की त्या वर्षीचं पीक जातंच, पुढचे दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघण्यात जातात. त्या काळात खांड बुजवली नाही तर जमिनीत तिवरं उगवतात. कांदळवनाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं, पण त्याच कायद्यामुळे शेतकऱ्याला स्वतःच्या सातबाऱ्यावरच्या जमिनीत कुदळ मारता येत नाही. खांड पहिल्याच ओहोटीला बुजवणं किती महत्त्वाचं, ते यावरून कळावं. पूर्वी हे काम जोळ पद्धतीने व्हायचं. बांधाआत ज्याची जमीन तो प्रत्येक घरामागे माणूस द्यायचा. १९७९च्या खारभूमी विकास कायद्यानंतर बांधांची जबाबदारी सरकारी खात्याकडे गेली, निविदा निघू लागल्या, आणि खांड काही निविदेसाठी थांबत नाही.

अशा जमिनीत सरसकट लावणी करत नाहीत. उन्हाळ्यात तळातलं मीठ वर येऊन पांढरा थर धरतं. पहिल्या पावसाचं पाणी शेतात साठवून उघाडीवाटे बाहेर सोडायचं, असं दोन-तीनदा केल्यावर वरची माती गोडी होते. मग मोड आलेलं बी चिखलावर फेकून पेरतात. त्याला रहू म्हणतात. रता हे इथलं जुनं, तांबड्या तांदळाचं, खारटपणा सोसणारं भात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पुढे पनवेल १, २ आणि ३ या जाती काढल्या. शेताकडेच्या तळ्यात जिताडा हा मासा वाढवायचा आणि पाहुण्याला किंवा जावयाला तो खाऊ घालायचा, ही खारेपाटाची खास रीत.

एवढ्या कष्टाने काढलेली जमीन कसणाऱ्याच्या नावावर मात्र नव्हती. गावाचा खोत सरकारात सारा भरायचा आणि कुळाकडून धान्याचा मोठा वाटा घ्यायचा, वर वेठही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने २५ गावांतल्या कुळांनी जमीन न कसण्याचा निर्णय घेतला. तो संप सुमारे सहा वर्षं चालला. शेतं ओस ठेवून लोक लाकूडफाटा विकत, मिळेल ती मजुरी करत जगले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. १९३८च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडलं आणि कूळकायद्यातल्या १ एप्रिल १९५७च्या कृषिदिनाने कूळ मालक झालं. भारतातल्या सर्वांत दीर्घ शेतकरी संपांमध्ये चरीचं नाव घेतलं जातं. अलिबागला समुद्र पाहायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना ते ठाऊक असतं, हा प्रश्न मनात येतोच.

बंदरं गेली, माणसं गेली

घोड्यावरून-बैलावरून माल वाहायचा त्या काळात कोकणाच्या खाड्या म्हणजे घाटावरच्या मुलखाचे दरवाजे होते. घाटमाथ्यावरून तांडे उतरायचे, खाडीत गलबतं उभी असायची. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले आहेत. नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजणही. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पावसात अडकला. चिखल आणि पाणी यांची त्याने नोंद करून ठेवली. दाभोळ, राजापूर, विजयदुर्ग ही याच माळेतली नावं. खाडीचं मुख ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती जकात, म्हणून प्रत्येक मुखाशी किल्ला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. पुढे कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराने हा किनारा इंग्रज-पोर्तुगीजांना सुखाने वापरू दिला नाही. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी २०२५ साली जागतिक वारसा यादीत गेले.

या किनाऱ्याने बाहेरून आलेल्यांना सामावूनही घेतलं. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्रायली ज्यू रायगडात शनवार तेली झाले, घरात मराठी बोलू लागले. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या वाडीत पोर्तुगीज-मराठी मिश्रणातून तयार झालेली एक बोली आजही कानावर पडते.

१८६३ साली बोरघाटातून रेल्वे पुण्याकडे गेली आणि घाटावरचा माल थेट मुंबईला जाऊ लागला. बैलांचे तांडे थांबले. डोंगरांवरची झाडं कोळशासाठी तुटत गेली, उघड्या उतारांचा गाळ खाड्यांत भरला, मोठं गलबत आत येईना. दीडशे वर्षांत दरवाज्याचं परसदार झालं. मग इथून निघाला तो एकच माल, माणूस. गिरणगावात, गोदीत, पोलिसात, घरकामाला कोकणी माणूस गेला आणि गावातलं घर मनीऑर्डरवर चालू लागलं. आगबोटी हाच रस्ता होता. १७ जुलै १९४७ला मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. २६ जानेवारी १९९८ला कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग खुला झाला, तोवर १९८२च्या संपाने गिरण्याच मोडल्या होत्या.

या जाण्याचा ठसा जनगणनेत स्वच्छ दिसतो. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. मुलींचा जन्म जास्त होतो म्हणून नव्हे, पुरुष बाहेर आहेत म्हणून. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरीची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. शेती बायकांनी आणि म्हाताऱ्यांनी धरून ठेवली, आणि लावणीला माणूस मिळेना तशी खाचरं पड राहत गेली.

जमीन पडीक राहण्याचं दुसरं कारण सातबाऱ्यात आहे. आजोबा-पणजोबांच्या नावावरच्या जमिनीला आज चाळीस-पन्नास सामायिक वारस, त्यातले निम्मे कधी गावी न आलेले. कर्ज, अनुदान, विहीर, कलमांची योजना, प्रत्येकाला सगळ्यांची संमती लागते. मृत्यूनंतर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारसाची वर्दी द्यायची असते, ती देऊन ठेवावी. वाटप करायचं तर सर्वांच्या संमतीने महसूल संहितेच्या कलम ८५खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. एक पिढी थांबलात तर सह्या दुप्पट होतात.

हापूस आणि बांगडा

कातळावर हापूस होतो तो आपोआप नव्हे. सड्यावर सुरुंग लावून किंवा यंत्राने मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे करतात, बाहेरून माती आणून भरतात, दहा-दहा मीटरांवर कलम लावतात आणि पहिले तीन-चार उन्हाळे घागरीने पाणी घालतात. मुळांना फैलावायला जागा कमी आणि समुद्राचा वारा, यातून फळाला तो गंध येतो असं बागायतदार मानतात. कलम बांधण्याची कला पोर्तुगीजांनी आणली आणि हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं, असं मानलं जातं. २०१८ साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं.

याच कातळाचा एक तोटा म्हणजे साका. फळ वरून निर्दोष, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. तापलेल्या जमिनीतून निघणारी उष्णता हे त्याचं एक मोठं कारण. झाडाखाली गवत-पाल्याचं आच्छादन आणि फळ पूर्ण पिकू न देता ८० ते ८५ टक्के तयार असतानाच काढणी, या दोन उपायांनी साका बराच कमी होतो. काढणी सकाळी किंवा ऊन कलल्यावर, झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने) आणि देठासकट. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो आणि तिथूनच देठकूज सुरू होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पाती लावलेला नूतन झेला काढला तो यासाठीच. फळं नंतर भाताच्या पेंढ्यात आढी लावून पिकवायची. विद्यापीठाची रत्ना ही जात नीलम आणि हापूसच्या संकरातून आली, तिला साका होत नाही आणि ती दर वर्षी धरते. बाजार मात्र हापूसच मागतो.

समुद्रातही भांडण आहे, आणि ते समजून घेण्याजोगं आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, कारण माशांच्या विणीचा तो काळ आणि समुद्रही खवळलेला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात. मालवणकडची रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धवर्तुळात टाकलेलं लांब जाळं. त्याची दोन टोकं किनाऱ्यावरून पन्नास-शंभर माणसं ओढतात आणि मिळालेला मासा वाट्याने वाटतात. रापणीला मासा तेव्हाच मिळतो जेव्हा बांगडा-तारलीचा थवा किनाऱ्यालगत येतो. पर्ससीन जाळं त्या थव्याला खोल पाण्यातच घेरतं आणि तळातून पिशवीसारखं आवळतं. एका बोटीला टनांनी मासा मिळतो, किनाऱ्यावर दोर धरून उभी असलेली शंभर माणसं रिकामी परततात. २०१६च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने पर्ससीनचे परवाने आणि काळ यांवर मर्यादा घातल्या. गस्त किती होते यावर त्यांचा उपयोग ठरतो.

सण हे या सगळ्या वेळापत्रकात बसवलेले आहेत. गणपतीला भात पोटरीत (कणीस बाहेर पडण्याच्या बेतात) असतं, शेतात काम कमी, म्हणून चाकरमानी येतो तेव्हा घर मोकळं असतं. कापणी-झोडणी उरकली की अंगणातलं खळं चोपून, शेणाने सारवून घेतात, पुढचे सहा-सात महिने घराचा कारभार त्याच खळ्यात. फाल्गुनात शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते, आणि वर्षभर कुलूप असलेलं घर त्या दिवसापुरतं उघडण्यासाठी कुणी ना कुणी मुंबईहून येतोच. पालखी दाराशी आली आणि दार बंद, असं होऊ द्यायचं नसतं. तळकोकणात कार्तिकापासून जत्रा लागतात आणि दशावतारी मंडळी गणपतीच्या मूर्तीसह आपला पेटारा घेऊन आज या गावात, उद्या त्या गावात जातात. लिखित संहिता नाही. आख्यान संध्याकाळी ठरतं, नट एकमेकांत प्रसंग लावून घेतात, देवळासमोर एक बाकडं, एक हार्मोनियम, पखवाज आणि झांज. आधी संकासुराचा आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा ठरलेला भाग, मग आख्यान, आणि दहीकाला पहाटे फुटतो. हे मे महिन्यापर्यंत चालतं. वळिवाच्या सरी सुरू झाल्या की मुकुट आणि जरीचे शेले वाळवून पेटाऱ्यात ठेवतात, आणि तेच नट आपापल्या गावी राबाच्या जमिनीत पेरणीला उतरतात.